शिवाशिव आणि हुतूतू : गावच्या आखाड्यापासून वस्तीच्या तरुण मंडळापर्यंत

ग्रामीण महाराष्ट्राचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पाटील-कुलकर्ण्यांची दप्तरे चाळली, वतनांचे तंटे तपासले, बलुत्याचे तपशील नोंदवले. परंतु गावातील तरुण संध्याकाळी काम आटोपल्यावर कोठे बसत होता, कोणाबरोबर खेळत होता आणि कोणाबरोबर खेळू शकत नव्हता, हा प्रश्न इतिहासाचा प्रश्न आहे असे आपल्याकडे फारसे कोणाला वाटलेले नाही. खेळ म्हणजे करमणूक, आणि करमणुकीला कसला आला इतिहास, अशी एक समजूत आहे. ज्यांना आखाड्यात उतरण्याचा हक्क जन्मतःच मिळाला त्यांची ही समजूत आहे. ज्यांना तो मिळाला नाही त्यांनी ती मान्य करण्याचे कारण नाही.

स्पर्धा म्हणजे काय? दोघांनी एका रेषेवर उभे राहायचे, दोघांना एकच नियम लागू व्हायचा आणि निर्णय कर्तृत्वावर व्हायचा. जातिव्यवस्था याच्या नेमकी उलट आहे. तेथे निकाल जन्माच्या आधीच लागलेला असतो. म्हणून ज्या गावात जात आहे त्या गावात खरी स्पर्धा होऊ शकते काय, हा या लेखाचा मूळ प्रश्न आहे. महारवाडा, मांगवाडा आणि पुढे बौद्धवाडा यांतून उभी राहिलेली तरुण मंडळे हे या प्रश्नाला आपल्या लोकांनी दिलेले उत्तर होते. त्या उत्तराचा इतिहास मांडणे आवश्यक झाले आहे, कारण तो कोठेही लिहिला जात नाही.

१

पश्चिम महाराष्ट्रातील कोणत्याही जत्रेतले कुस्त्यांचे मैदान डोळ्यांसमोर आणावे. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून हौदा तयार केलेला असतो. दुपारी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या सुरू होतात आणि सूर्य कलताना मानाची कुस्ती लागते. पैलवान लांग चढवून शड्डू ठोकतो, पंच हात मिळवून देतात आणि हलगी कडाडते. कुस्ती रंगू लागली की हलगीची लय चढते. हलगी थांबली तर मैदान मुके होते. त्या मैदानात हलगीवाला कोठे असतो? हौद्याच्या कडेला. त्याच्या हातांशिवाय कुस्ती रंगत नाही, पण ते हात कुस्ती धरण्यासाठी नाहीत असे गावाने ठरविलेले असते. विजयी पैलवानाच्या डोक्यावर फेटा चढतो. हलगीवाल्याच्या पुढ्यात काही नाणी पडतात.

या व्यवस्थेच्या मुळाशी तीन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे तालमीची जागा. गावची तालीम बहुधा मारुतीच्या देवळाला लागून असे किंवा तालमीतच मारुतीची स्थापना केलेली असे. माती पूजल्याशिवाय जोर-बैठका सुरू होत नसत. ज्याला देऊळ बंद त्याला तालीमही बंद, हे निराळे सांगण्याची गरजच उरत नसे. दुसरी गोष्ट खुराकाची. दूध, तूप, बदाम यांवाचून पैलवान तयार होत नाही. ज्या घरात बलुत्याच्या धान्यावर आणि शिळ्या तुकड्यांवर दिवस निघत होते, त्या घरातला पोरगा अंगापिंडाने कितीही दणकट असला तरी त्याला खुराक कोठून मिळणार? जमीन ज्याची त्याचे दूध, आणि दूध ज्याचे त्याचा आखाडा, असा हा सरळ हिशेब होता.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ती म्हणजे वेळ. महार वतनदार हा गावाचा आणि सरकारचा चोवीस तासांचा बांधलेला नोकर होता. टपाल पोचविणे, सारा घेऊन तालुक्याला जाणे, अधिकाऱ्याच्या घोड्यापुढे धावणे, मेलेल्या माणसाचा सांगावा परगावी नेणे ही सारी कामे त्याच्याकडे होती. घरचा कर्ता पुरुष हजर नसला तर घरातल्या कोणालाही त्याच्या जागी जावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे बिल मांडले, त्यामागे ही गुलामी होती. ते बिल १९२९ साली त्यांना मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात झाला तो १९५८ साली. म्हणजे तोपर्यंत महाराचा पोरगा गावात सर्वांत जास्त धावत होता, पण त्या धावण्याला शर्यत म्हणत नव्हते, वेठ म्हणत होते. ज्याचा वेळ त्याचा स्वतःचा नाही त्याला खेळ नाही. वेठीतून सुटलेली पहिली संध्याकाळ हीच आपल्या तरुण मंडळांची खरी जन्मवेळ आहे.

दलिताचा देह गावाला नको होता असे मात्र नाही. गावाच्या अब्रूसाठी तो हवाच होता. अण्णाभाऊ साठे यांच्या १९५९ सालच्या ‘फकिरा’ या कादंबरीची सुरुवात आठवावी. दुसऱ्या गावची जोगणी पळवून आणली की जत्रेचा मान आपल्या गावाला मिळतो. हे जिवावरचे काम राणोजी मांग करतो आणि त्यात त्याचे शिर जाते. मान गावाचा झाला, मरण मांगवाड्याच्या वाट्याला आले. अण्णाभाऊंनी ही कादंबरी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली, यालाही अर्थ आहे. कर्तृत्व आमचे आणि मान गावाचा, या व्यवहाराचा इतका उघडा हिशेब मराठी साहित्यात त्यापूर्वी क्वचितच मांडला गेला असेल.

२

दलितांची स्वतःची व्यायामाची आणि शौर्याची परंपरा नव्हती, असे मानणे ही दुसरी चूक होईल. लहुजी वस्ताद साळवे (१७९४–१८८१) यांनी पुण्यात तालीम चालविली. तेथे निरनिराळ्या जातींचे तरुण शिकत. जोतीराव फुल्यांच्या शाळांच्या पाठीशी हे वस्ताद उभे राहिले आणि याच साळवे घराण्यातील मुक्ता ही मुलगी फुल्यांच्या शाळेत शिकली. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. एका घरात तालीम आणि त्याच घरातून निबंध, हा योग केवळ योगायोग नव्हता. अंगातील भीती गेली की जीभ मोकळी होते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

लष्कर ही दुसरी शाळा होती. कंपनी सरकारच्या पलटणीत महार मोठ्या संख्येने होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची भरती बंद झाली, तेव्हा लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी तिच्याविरुद्ध आवाज उठविला. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. पेन्शनर हवालदार-सुभेदार गावी परतत तेव्हा केवळ पेन्शन घेऊन येत नसत. ताठ चालणे, वेळेवर हजर राहणे, रांगेत उभे राहणे आणि हुकूम हा हुद्द्याचा असतो, जातीचा नसतो, हा अनुभव ते घेऊन येत. वस्तीतल्या पोरांना कवायत शिकविणारे पहिले वस्ताद बऱ्याच ठिकाणी हेच होते.

शहरात काय घडत होते? चांभार समाजातील पाळवणकर बाळू हा पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात मैदान सारवण्याचे, जाळी बांधण्याचे काम करता करता गोलंदाज झाला. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या हिंदी संघातर्फे त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. पण हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याला कधीही मिळाले नाही, आणि पुण्यात त्याला चहा मिळे तो तंबूच्या बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यात. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ साली कर्णधार झाला, तोही बराच वाद झाल्यानंतर. राबणारा हात चालतो, हुकूम देणारा हात चालत नाही, हा गावचा न्याय मुंबईच्या जिमखान्यांतही चालूच होता. हाच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला आणि पडला, हेही नमूद केले पाहिजे. एकट्याच्या कर्तृत्वाने मिळालेला मान आणि संघटित समाजाने मिळविलेला हक्क यांत किती अंतर असते, याचा तो धडा आहे.

३

विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रातील व्यायामसंस्थांनी हुतूतू आणि खो-खो या देशी खेळांचे नियम लिहून काढले. अमरावतीला १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखविले. या कार्याचे मोल कोणी नाकारीत नाही. परंतु या खेळाकडे आपण आपल्या बाजूने पाहिले पाहिजे.

हुतूतू हा खेळ स्पर्शाचा आहे. चढाई करणारा गडी शिवला की समोरचा बाद होतो. सगळे मिळून एकाला धरतात, कवेत घेतात, मातीत लोळवतात. मराठीत ‘शिवणे’ हे एकच क्रियापद दोन जगांत वावरते. पोरांच्या खेळात शिवले की डाव येतो आणि गावगाड्यात शिवले की विटाळ होतो. ‘शिवाशिव’ हा शब्द एका घरात खेळाचे नाव आहे आणि दुसऱ्या घरात हजारो वर्षांचा तुरुंग आहे. महारवाड्यातला गडी आणि पाटलाचा मुलगा एका पाटीच्या दोन बाजूंना उभे राहिले तर काय होईल? चढाईला आलेल्याला धरायचे तर मिठी मारावी लागेल. न धरावे तर गडी सुटतो आणि गुण जातो. खेळाचा नियम एक सांगतो आणि गावाचा नियम दुसरा सांगतो. दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत. म्हणूनच गावाने सोपी वाट काढली. नियम बदलण्यापेक्षा गडीच घ्यायचा नाही.

लहानपणी मात्र पोरे एकत्र खेळत. ओढ्याच्या वाळूत, रानात गुरे वळताना सूरपारंब्या, विटीदांडू, हुतूतू सारे चाले. घरी गेल्यावर अंगावर गोमूत्र शिंपडून त्यांना पुन्हा शुद्ध करून घेतले जाई. मिसरूड फुटू लागले की मात्र ही दोस्ती तुटे. जातिव्यवस्था माणसाला जन्मतः कळत नाही, ती शिकवावी लागते. ती शिकविण्याचे एक ठिकाण म्हणजे खेळाचे मैदान होते, याची नोंद समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी घेतली पाहिजे.

४

२० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग उघडणे हे तिच्या उद्देशांतच होते. १९२५ साली सभेने सोलापूरला वसतिगृह काढले आणि मुंबईत मोफत वाचनालय व महार हॉकी क्लब चालविला. कायद्याच्या, पाण्याच्या आणि शिक्षणाच्या लढाईत गुंतलेल्या संघटनेला हॉकीची आठवण कशाला व्हावी, असा प्रश्न एखाद्याला पडेल. उत्तर सोपे आहे. गिरणीतून सुटलेला तरुण गुत्त्यात जाणार की मैदानात, हा बाबासाहेबांच्या दृष्टीने चळवळीचाच प्रश्न होता. वाचनालय आणि मैदान त्यांनी शेजारी ठेवले. आपल्या पुढच्या प्रत्येक मंडळाची घडण या जोडीवर झालेली आहे.

महाडच्या १९२७ च्या लढ्याबरोबर समता सैनिक दल आले. लाठी, कवायत, शिस्त, स्वयंसेवकांची हजेरी ही त्याची अंगे होती. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात तर शक्तीच्या स्पर्धेचाच प्रसंग आला. रथयात्रेच्या दिवशी, ९ एप्रिल रोजी, दोन्ही बाजूंच्या बळकट गड्यांनी मिळून रामाचा रथ ओढावा अशी तडजोड झाली. एका दोराला दोघांचे हात लागणार होते. पण आपली माणसे रथाला हात लावण्यापूर्वीच सवर्णांनी दंगल माजवून रथ पळविला. कद्रेकर नावाचा एक धाडसी भंडारी तरुण पोलिसांचे कडे तोडून पुढे घुसला आणि रक्तबंबाळ होऊन पडला. ठरलेली स्पर्धा होऊच न देणे ही सवर्ण समाजाची जुनीच पद्धत आहे. हरण्याची भीती त्यांना नव्हती. बरोबरीने दोर धरावा लागेल याची भीती होती.

पुढच्या वर्षांत दलाच्या शाखा खेडोपाडी पसरल्या. जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, त्याच वेळी समता सैनिक दलाची आणि महिलांचीही परिषद भरली. जलशांचे रोपही याच मातीतले. भीमराव कर्डकांचे जलसा मंडळ नाशिक जिल्ह्यातील तरुणांच्या संघटनेतून पुढे आले. तमाशाचा बाज ठेवून त्यातली गौळण टाकायची, देवाच्या नमनाऐवजी माणसाच्या हक्काची गोष्ट सांगायची हे काम या तरुणांनी रात्र रात्र केले. वामनदादा कर्डकांसारखा कवी प्रौढपणी अक्षरे शिकला आणि दलाच्या, चळवळीच्या वातावरणात गाणारा झाला. दिवसा कवायत, संध्याकाळी वाचन आणि रात्री जलसा हे तेव्हाच्या तरुणांचे विद्यापीठ होते.

५

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर वस्त्यांनी गावकीची कामे नाकारली. मेलेले ढोर ओढणे बंद झाले आणि पुष्कळ ठिकाणी हलगी खुंटीला टांगली गेली. त्याबद्दल बहिष्कार सोसावा लागला. याच काळात वस्तीवस्तीत मंडळे निघाली. त्यांची नावेच पाहा : सिद्धार्थ, मिलिंद, नालंदा, पंचशील, भीमज्योत. गावच्या मंडळाचे नाव हनुमान नाहीतर जयभवानी. कबड्डीच्या सामन्यात ध्वनिक्षेपकावरून ही नावे पुकारली जात तेव्हा ज्या गावाने आमच्या बापजाद्यांना केवळ जातीने हाक मारली होती, त्याच गावाला आता आमचे निवडलेले नाव उच्चारावे लागत होते.

या मंडळांनी काय केले याची यादी मोठी नाही, पण तिचे वजन मोठे आहे. घरटी वर्गणी, पावती पुस्तक, रबरी शिक्का. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार. समाजमंदिराच्या भिंतीला टेकलेले एक लाकडी कपाट आणि त्यात पन्नास-साठ पुस्तके. जयंतीला वक्तृत्व स्पर्धा, निबंध स्पर्धा, धावण्याची शर्यत, संगीत खुर्ची, कबड्डीचे सामने. बक्षीस म्हणून वही, पेन, कंपासपेटी आणि बाबासाहेबांचे चरित्र.

यांतील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे इतिवृत्ताची वही. ‘आज रोजी मंडळाची सभा अमुक यांच्या अध्यक्षतेखाली भरली’ हे वाक्य सातवी शिकलेल्या पोराने लिहिले, त्याखाली सह्या झाल्या, दोघांनी अंगठे उमटविले. त्या दिवशी गावाच्या इतिहासात प्रथमच आमचा निर्णय आमच्या हस्ताक्षरात नोंदला गेला. तोपर्यंत आमच्याविषयीची प्रत्येक नोंद कुलकर्ण्याच्या, तलाठ्याच्या किंवा फौजदाराच्या हातची होती. जमाखर्च चार लोकांपुढे वाचून दाखविणे, विरोधी मत ऐकून घेणे, बहुमताने हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडव घालायला येणे, या गोष्टी संविधानाच्या पुस्तकात वाचून येत नाहीत. त्या मंडळात येत होत्या.

‘पंच’ या शब्दाचेही असेच झाले. चावडीवरचा पंच जन्माने बसत होता आणि त्याचा शब्द हाच नियम होता. कबड्डीचा पंच शिट्टी घेऊन उभा राहतो, पण नियम त्याच्याही डोक्यावर असतो. त्याच्या निर्णयावर दाद मागता येते. वस्तीतल्या तरुणाला हा फरक मैदानात कळला, आणि मग चावडीवर प्रश्न विचारायला त्याला वेळ लागला नाही. १९७२ साली दलित पँथर निघाली तेव्हा तिच्या छावण्या खेड्यात इतक्या वेगाने कशा उभ्या राहिल्या, याचे उत्तर शोधताना या जयंती मंडळांची आणि कबड्डी संघांची आठवण ठेवावी लागेल. १९७८ च्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. शिकलेली, संघटित झालेली, मान वर करून चालणारी पिढी डोळ्यांत सलत होती, हे त्या जळितामागचे एक कारण होते.

६

सरकारही युवक मंडळे काढीत होते. २ ऑक्टोबर १९५२ ला सुरू झालेल्या सामूहिक विकास योजनेत युवक मंडळांचा समावेश होता. १९७२ पासून नेहरू युवा केंद्रे आली. मंडळाची नोंदणी, खेळाचे साहित्य, शिबिरे, तालुका पातळीच्या स्पर्धा असे बरेच काही या योजनांनी दिले, आणि काही दलित तरुणांनी त्याचा उपयोगही करून घेतला. पण व्यवहारात एक मेख होती. ‘गावाचे मंडळ’ कोणाला म्हणायचे? पाटलाच्या वाड्याजवळचे मंडळ, ज्यात एकाच जातीचे सर्व पदाधिकारी असतात, ते गावाचे मंडळ ठरते. वस्तीतले मंडळ मात्र ‘जातीचे मंडळ’ ठरते. हनुमान हे नाव सर्वांचे आणि सिद्धार्थ हे नाव एका समाजाचे, हा निवाडा कोणत्या पंचाने दिला? व्हॉलीबॉलची जाळी गावाच्या नावावर येते आणि ती ज्या मैदानात लागते तेथे वस्तीतली पोरे कडेला उभी राहून चेंडू आणून देतात. हलगीवाल्याची जागा गेली असे आपण म्हणतो. ती जागा तशीच आहे, तेथे आता दुसरे काम दिले जाते.

आपल्या मंडळांचे दोषही सांगितले पाहिजेत, कारण आत्मपरीक्षणाविना चळवळ साचते. बौद्ध तरुणांनी हलगी खाली ठेवली, ती बऱ्याच गावांत मातंगांच्या गळ्यात राहिली. आम्ही सुटलो यात समाधान मानून आम्ही थांबलो. एकाच शिवारात बौद्धांचे मंडळ निराळे, मातंगांचे निराळे, चर्मकारांचे निराळे, आणि आपसांतले सामनेही ईर्ष्येचे. लहुजींच्या तालमीला आणि बाबासाहेबांच्या वाचनालयाला एका छपराखाली आणणे आम्हाला जमलेले नाही. दुसरा दोष स्त्रियांविषयीचा. १९४२ च्या नागपूरच्या परिषदेत स्त्रिया हजारोंनी आल्या होत्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात त्या पिढीची साक्ष नोंदविली आहे. पण मंडळाच्या कार्यकारिणीत मुलगी कोठे आहे? रांगोळी स्पर्धा तिची आणि ठराव आमचे, ही वाटणी मनूच्या वाटणीहून फार वेगळी नाही. तिसरा दोष नवा आहे. वर्गणीचा मोठा वाटा ध्वनियंत्राच्या भिंतींवर आणि पुढाऱ्यांच्या फलकांवर जातो, पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे कोणाला आठवत नाही. चषकावर आमदाराचे नाव मोठे, मंडळाचे लहान.

तरीही या मंडळांची थट्टा करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. १ जून २०२३ रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेली येथे एका बौद्ध तरुणाचा खून झाला. गावात आंबेडकर जयंती साजरी करण्यात त्याने पुढाकार घेतला होता, हा राग त्यामागे असल्याचे त्याच्या घरच्यांनी सांगितले. ज्या गावात मिरवणुकीचा रस्ता अजून जिवाची किंमत मागतो, तेथे वर्गणीची पावती फाडणारा तरुण केवळ करमणूक करीत नसतो.

शिक्षक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते यांच्यापुढे म्हणून एक काम आहे. आपापल्या वस्तीतील जुन्या मंडळांच्या इतिवृत्ताच्या वह्या, पावती पुस्तके, स्पर्धांच्या हस्तपत्रिका, हस्तलिखित अंक, पिवळी पडलेली संघांची छायाचित्रे शोधून काढावीत. त्या वाळवीच्या आणि रद्दीवाल्याच्या हाती जाण्यापूर्वी त्यांची नक्कल करून ठेवावी. ज्यांनी पहिला सामना भरविला ती माणसे आता वृद्ध झाली आहेत. त्यांच्यापाशी बसून कोण खेळले, कोणाला खेळू दिले नाही, पंच कोण होता, भांडण कशावरून झाले आणि दुसऱ्या वर्षी सामना पुन्हा कसा झाला, हे लिहून घ्यावे. गावच्या दप्तरात यातले काहीही सापडणार नाही. हा इतिहास आपल्या कपाटात आहे, आणि त्या कपाटाची किल्ली शोधण्यापासून कामाला सुरुवात झाली पाहिजे.